चेटकीण सापडते कशी?

महाराष्ट्रात २०१३ साली झालेला जादूटोणाविरोधी कायदा फार थोड्यांनी मुळातून वाचला असेल. त्याचे नाव लांबलचक असले तरी कायदा आटोपशीर आहे. शेवटी एक अनुसूची जोडलेली आहे आणि तीत बारा कृत्यांची यादी आहे. नोकरीची उमर बँकेत गेल्यामुळे कोणताही दस्तऐवज शेवटून वाचायची मला सवय लागली आहे. खरी मेख परिशिष्टातच असते. या अनुसूचीत मला एकदम गोठा भेटला. अमुक व्यक्ती करणी करते, भूत लावते किंवा मंत्रतंत्राने जनावराचे दूध आटवते असे भासवून तिचे जगणे कठीण करणे हा गुन्हा आहे, असे तिथे नमूद केले आहे. शिक्षा किमान सहा महिने आणि कमाल सात वर्षे, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत.

शहरातला वाचक इथे थोडा हसेल. विधिमंडळाने फौजदारी कायदा करावा आणि त्यात दुधाचा उल्लेख यावा, हे जरा गमतीचे वाटते खरे. पण ज्यांनी हे कलम लिहिले त्यांना खेडे ठाऊक होते. लहानपणी आपण ऐकलेली चेटकिणीची गोष्ट अमावास्येची, पिंपळाची आणि उलट्या पायांची होती. प्रत्यक्षात जिला चेटकीण ठरवून गावाबाहेर काढले जाते, तिची गोष्ट दुधाताकाची, उसनवारीची, शेताच्या बांधाची आणि मोडलेल्या शेजारधर्माची असते.

ही गोष्ट फक्त आपली नाही. चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या खेड्यांत ती जवळजवळ अशीच घडत होती. तिथल्या न्यायालयांची दप्तरे शिल्लक आहेत, त्यामुळे ती कशी सुरू होत असे आणि पुढे कशी थांबली, हे आज पाहता येते. मराठवाड्यातली भानामती, सगळीकडची करणी आणि सातपुड्यातली डाकीण समजून घ्यायला त्या जुन्या दप्तरांचा चांगला उपयोग होतो.

दोन टाचण्यांची गोष्ट

चेटूक हा गुन्हा ठरवणारा पहिला कायदा इंग्लंडात १५४२ साली झाला. तो मागे घेतला गेला, पण १५६३ साली एलिझाबेथ राणीच्या काळात नवा आला आणि १६०४ साली जेम्स राजाने तो अधिक कडक केला. या कायद्यांखाली तिथे सुमारे पाचशे माणसे फासावर गेली असा अंदाज आहे. त्यांतल्या बहुसंख्य बायका होत्या. चेटकिणींना जिवंत जाळत असे आपण वाचतो, ते युरोप खंडातल्या देशांचे. इंग्लंडात चेटकासाठी फाशी होती. सगळ्या युरोपातला आकडा चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जातो.

इतिहासकार ॲलन मॅकफार्लेन यांनी १९७० साली आणि कीथ टॉमस यांनी १९७१ साली या खटल्यांवर मोठे ग्रंथ प्रसिद्ध केले. मॅकफार्लेन यांनी तर एसेक्स या एकाच परगण्याची दप्तरे चाळली. त्यांतून जे चित्र पुढे आले ते ओळखीचे आहे. गावातली एखादी गरीब, वयस्क बाई शेजारच्या दारी जाते. थोडे दूध, थोडे पीठ, ताकाचे एक भांडे मागते. शेजारी नाही म्हणतो. बाई पुटपुटत निघून जाते. पुढे आठ-पंधरा दिवसांत त्या घरातले मूल आजारी पडते, गाय आटते, लोणी येत नाही. मग नाही म्हणणाऱ्याला ते पुटपुटणे आठवते.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, आरोप करणारा बहुधा लबाड नसे. तो घाबरलेला असे. मागणाऱ्याला विन्मुख पाठवू नये ही जुनी शिकवण त्याच्या मनात पक्की होती. पण काळ बदलत होता, महागाई होती, गरिबांची संख्या वाढत होती आणि दान हे जो तो आपापल्या मर्जीवर सोडू लागला होता. नाही म्हटल्याची टोचणी मनात राही. घरात संकट आले की ती टोचणीच उलटी फिरे आणि ‘मी तिला नाही म्हटले’ याचे ‘तिने मला काहीतरी केले’ असे होऊन बसे.

लँकाशायरमधल्या पेंडल टेकडीजवळच्या खटल्याची सुरुवात १६१२ साली दोन टाचण्यांवरून झाली, असे म्हटले तरी चालेल. ॲलिझन डिव्हाइस नावाच्या गरीब मुलीने वाटेत भेटलेल्या एका फेरीवाल्याकडे टाचण्या मागितल्या. त्याने गाठोडे सोडायला नकार दिला. थोड्याच वेळात तो कोसळला आणि त्याचे अर्धे अंग लुळे पडले. आज आपण याला पक्षाघात म्हणू आणि रुग्णवाहिका बोलावू. तेव्हा त्याच्या घरच्यांनी मुलीला बोलावले. ती स्वतःही इतकी भेदरली की आपल्याच शापाने हे झाले असे तिने कबूल करून टाकले. चौकशी एका घरातून दुसऱ्या घरात शिरली. नऊ वर्षांच्या आसपासच्या एका मुलीने न्यायालयात स्वतःच्या आईविरुद्ध साक्ष दिली. २० ऑगस्ट १६१२ रोजी लँकॅस्टरमध्ये दहा जणांना फाशी दिले गेले. त्यांत ती आई होती, टाचण्या मागणारी मुलगीही होती.

चीक न पोचलेले घर

पेंडलची हकिगत मी पुढे पुष्कळ वर्षांनी वाचली. पण तिची जातकुळी मला मराठवाड्यातल्या एका खेड्यात आधीच भेटली होती.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांत मी एका ग्रामीण शाखेत अधिकारी होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात म्हशींसाठी कर्जे दिली जात. जनावराच्या कानात बिल्ला, विमा, सरकारचे अनुदान आणि दूध संघाच्या बिलातून हप्त्याची कपात, असा सगळा प्रकार. एका लाभार्थ्याचे हप्ते थकले म्हणून मी त्याच्या गोठ्यात गेलो. म्हैस समोर होती, बिल्लाही होता. सहा लिटर देणारी म्हैस दीड लिटरवर आली होती.

“साहेब, हप्ता कुठून भरू?” तो म्हणाला. “दूध बांधलंय तिनं.”

“कुणी?”

त्याने नाव घेतले नाही. नुसती हनुवटी उचलून पलीकडचे घर दाखवले.

त्या घरात पन्नाशीची एक विधवा एकटी राहत होती. नवऱ्यामागे तीन एकर कोरडवाहू जमीन तिच्या नावावर होती. लेक सासरी. चौकशी केली तेव्हा हकिगत हळूहळू उलगडली. म्हैस व्याली की पहिल्या दिवसांचा चीक शेजारीपाजारी वाटायचा, खरवस करायला, हा आपला जुना रिवाज. त्या वर्षी बांधावरच्या एका बाभळीवरून दोन घरांत कुरबूर झालेली होती, म्हणून तिच्या घरी चीक गेला नाही. ती पाण्याला जाताना एवढेच म्हणाली होती की, यंदा आमच्या वाट्याचा चीक कुठे गेला म्हणायचा? एवढे एक वाक्य. आठवड्याने म्हशीची कास सुजली.

पशुवैद्यकीय डॉक्टरांनी म्हैस तपासली आणि कासदाह झाल्याचे सांगितले. खेड्यात त्याला दगडी म्हणतात. कास कडक होते, दुधात गाठी येतात, वेळेवर औषध झाले नाही तर सड कायमचा जातो. डॉक्टरांनी औषध दिले आणि दूध काढण्याआधी कास धुवायला सांगितले. मालकाने ते सारे ऐकून घेतले आणि म्हणाला, “औषधाचं खरं आहे साहेब. पण दगडी आमच्याच म्हशीला का झाली?”

या प्रश्नाला डॉक्टरांजवळ उत्तर नसते. रोग कसा होतो हे विज्ञान सांगते, मलाच का झाला हे ते सांगत नाही. ही मोकळी जागा भरायला कोणीतरी तयारच असतो. या मालकाला शेजारच्या गावच्या देवऋषीकडे नेणारा माणूस निघाला त्या विधवेचा दीर.

पुढे मारहाण वगैरे काही झाली नाही. वर्तमानपत्रात बातमी यावी असे काहीच झाले नाही. फक्त तिला खुरपणीला बोलावणे बंद झाले. ती दिसली की बाया लेकरांना पदराआड घेत. पिठाच्या गिरणीत तिचा डबा सगळ्यांच्या शेवटी लागू लागला. एके दिवशी ती शाखेत आली, बचत खात्यातली सगळी रक्कम काढली, अंगठा दिला आणि लेकीच्या गावी निघून गेली. पुढच्या खरिपात पीककर्जाचे अर्ज आले तेव्हा दिराच्या अर्जात वहितीखालचे क्षेत्र तीन एकरांनी वाढलेले होते.

मी कोणावर आरोप करीत नाही. मी जे कागदावर पाहिले ते सांगतो. म्हशीच्या मालकाला त्या तीन एकरांतले काहीच मिळाले नाही. त्याची भीती खरी होती, म्हशीचा आजारही खरा होता. पण त्या दोन्ही खऱ्या गोष्टींना एक नाव चिकटवले गेले आणि त्या नावाचा हिशेब भलत्याच घरी जमा झाला.

नाव सांगणारा

भानामती हा शब्द मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. घरावर दगड पडतात, वळणीवरचे कपडे पेटतात, ताटात घाण पडते, अंगावर फुल्या उमटतात, बायका जनावरासारखे आवाज काढतात. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अशा घरांत जाऊन, राहून, माणसांशी बोलून पुष्कळ प्रकरणे उलगडली आहेत. फुल्यांमागे बहुधा बिब्बा असतो. त्याचे तेल कातडीवर लागले की आधी काही दिसत नाही, मग डाग आणि फोड उठतात. दगड टाकणारा किंवा कपडे पेटवणारा हात बहुतेक वेळा घरातलाच असतो. मनाविरुद्ध लग्न झालेली सून, शाळा सुटलेली मुलगी, ज्याचे कोणी ऐकत नाही असे एखादे पोर. ज्याला तोंडाने बोलायची मुभा नाही त्याचे दुःख असे दगडांच्या आवाजात बाहेर पडते. तेव्हा अशा घराला गरज असते ती शांतपणे ऐकून घेणाऱ्या माणसाची, क्वचित मानसोपचाराची.

पण घर जाते नाव सांगणाऱ्याकडे. ही नाव सांगण्याची कला मोठी पाहण्यासारखी आहे. देवऋषी सहसा नाव घेतच नाही. उगवतीच्या अंगाला राहणारी, घरात पुरुषमाणूस नसलेली, तुमच्या घरी येणे-जाणे असलेली, असे काही तो सांगतो. वर्णन इतके सैल असते की ते अर्ध्या गावाला लागू पडावे. नाव घरची माणसेच मनात भरतात आणि देवऋषीने बरोबर ओळखले म्हणून थक्क होऊन परततात. इंग्लंडात असेच धंदेवाईक जाणकार गावोगाव होते. ते गिऱ्हाइकाला आरशात किंवा पाण्याच्या भांड्यात बघायला लावत आणि कोणाचा चेहरा दिसतो असे विचारीत. ज्याच्यावर आधीच संशय असे त्याचाच चेहरा दिसे. टॉमस यांच्या ग्रंथात याची पुष्कळ उदाहरणे आहेत.

हा धंदा एका माणसाने फार वर नेला. एसेक्समधल्या मॅनिंगट्रीचा मॅथ्यू हॉपकिन्स. इंग्लंडात तेव्हा राजा आणि संसद यांचे यादवी युद्ध चालू होते आणि न्यायालयांची घडी विस्कटलेली होती. १६४५ ते १६४७ या काळात हॉपकिन्स आणि त्याचे साथीदार पूर्व इंग्लंडातल्या गावांत चेटकिणी शोधत फिरले. बाईला रात्रीमागून रात्री झोपू द्यायचे नाही, चालवत ठेवायचे, अंगावरचा तीळ-मस शोधून त्याला सैतानाची खूण म्हणायचे आणि शेवटी बांधून पाण्यात सोडायचे. तरंगली तर चेटकीण. या मोहिमेत शंभरच्या आसपास माणसे फासावर गेली. आपण एका गावाचे फक्त वीस शिलिंग घेतो, असे त्याने स्वतःच छापून जाहीर केले होते. पण स्टोमार्केट या एकाच गावाने तेवीस पौंड मोजले. बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे दर नगावर कमिशन होते, आणि कमिशन जिथे नगावर असते तिथे नग कमी पडत नाहीत.

खुर्चीवरचा माणूस

शेजाऱ्याची भीती आणि नाव सांगणारा या दोन गोष्टी जवळजवळ प्रत्येक काळात आणि प्रत्येक देशात असतात. त्यांतून छळ उभा राहतो की तिथेच विरतो, हे पुष्कळ अंशी तिसऱ्या माणसावर ठरते. तो तिसरा माणूस म्हणजे खुर्चीवर बसलेला, ज्याच्या सहीने गोष्ट खरी ठरते तो.

पाण्यात टाकून परीक्षा घेण्याचा प्रकार हॉपकिन्सच्या तीनशे वर्षे आधी दिल्लीत झाला होता. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने तो लिहून ठेवला आहे. हा तोच प्रवासी, जो पुढे आपल्या दौलताबादेत आला आणि किल्ल्याच्या तळघरातल्या कैद्यांना छळणाऱ्या अजस्र उंदरांचे वर्णन करून गेला. मुहम्मद तुघलक दूर असताना दिल्लीत एका बाईवर एका मुलाचे काळीज खाल्ल्याचा आरोप झाला. सुलतानाच्या प्रतिनिधीच्या हुकमाने तिच्या हातापायांना पाण्याने भरलेले घडे बांधून तिला यमुनेत टाकले. ती बुडाली नाही, म्हणून तिला जाळले गेले. बुडाली असती तर निर्दोष ठरली असती.

पेशवाईतही फारसे वेगळे नव्हते. पेशव्यांच्या रोजनिशीवर लिहिताना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी नोंदवले आहे की, भुते लावणारे आणि चेटूक करणारे हुडकून त्यांना शासन करणे हे तेव्हा सरकारी कर्तव्य समजले जाई आणि त्यासाठी जाणकार माणसे नेमलेली असत. म्हणजे देवऋषीच सरकारी वेतनावर होता.

सगळेच आंधळे होते असे मात्र नाही. १५८४ साली रेजिनाल्ड स्कॉट नावाच्या केंट परगण्यातल्या गृहस्थाने चेटकावर मोठा ग्रंथ छापला. ज्यांना चेटकिणी म्हणतात त्या दारोदार मागून खाणाऱ्या म्हाताऱ्या बायका आहेत, त्यांच्या अंगी कोणतीही शक्ती नाही, असे त्याने ठणकावून सांगितले. एवढ्यावर न थांबता हातचलाखीचे खेळ कसे करतात हेही त्याने उलगडून दाखवले. आपले कार्यकर्ते शाळाशाळांतून चमत्कारांचे प्रयोग करून दाखवतात, त्यांचा हा पूर्वजच म्हणायचा. योगायोग असा की त्याच १५८४ साली, शके १५०६ मध्ये, इथून पन्नासेक किलोमीटरवरच्या पैठणला एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. नाथांच्या भारुडात भूत येते, झाडणारी माणसेही येतात, पण ते झपाटणारे भूत शेवटी पंढरीचा विठोबा निघते. भुताला घाबरणाऱ्या गावाला हसवत हसवत भुतापासून सोडवण्याची ही नाथांची रीत.

पण स्कॉटच्या ग्रंथाने फाशी थांबली नाहीत. त्यानंतर शंभर वर्षे ती चालू राहिली. १६८२ साली डेव्हन परगण्यातल्या तीन गरीब बायका फासावर गेल्या, त्या जवळजवळ शेवटच्या. थांबवले ते न्यायाधीशांनी, आणि तेही एक साधा प्रश्न विचारून. कशावरून? सर जॉन होल्ट हे १६८९ ते १७१० या काळात इंग्लंडचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांच्यापुढे आलेल्या चेटकाच्या खटल्यांत आरोपी सुटत गेले. एका प्रकरणात रिचर्ड हॅथवे नावाच्या लोहाराच्या उमेदवाराने एका बाईवर आळ घेतला. तो म्हणे टाचण्या ओकत असे आणि तिला ओरबाडून रक्त काढले की बरा होत असे. एका पाद्र्याला शंका आली. त्याने हॅथवेचे डोळे मिटलेले असताना गुपचूप भलत्याच बाईचा हात पुढे केला. पठ्ठ्या तिला ओरबाडून तत्काळ बरा झाला! बाई निर्दोष सुटली आणि १७०२ साली शिक्षा झाली ती हॅथवेला, फसवणुकीबद्दल. १७३६ साली संसदेने जुना कायदाच रद्द केला. त्यानंतर चेटूक हा गुन्हा राहिला नाही, आपल्या अंगी तशी शक्ती असल्याची बतावणी करणे हा गुन्हा झाला.

त्या न्यायाधीशांपैकी काहीजण स्वतः भुताखेतांवर विश्वास ठेवणारे असतील. त्यांनी विश्वास सोडला की नाही हे महत्त्वाचे नाही. त्यांनी पुरावा मागितला, हे महत्त्वाचे.

कायद्यानंतर

कायदा बदलला म्हणून गाव लगेच बदलत नाही. रूथ ऑसबोर्न ही ट्रिंगजवळच्या एका गावातली सत्तरीच्या घरातली गरीब बाई. तिने एका शेतकऱ्याकडे ताक मागितले होते, त्याने दिले नव्हते. पुढे त्याची वासरे आजारी पडली, त्याला स्वतःला झटके येऊ लागले. १७५१ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे कायदा रद्द होऊन पंधरा वर्षे लोटल्यावर, आसपासच्या बाजारांत दवंडी देऊन हजारोंचा जमाव जमवला गेला. म्हाताऱ्या नवरा-बायकोला लपवून ठेवले होते, तिथून ओढून काढले आणि तळ्यात बुडवले. रूथ मेली. पण या वेळी सरकारने तिला चेटकीण म्हटले नाही. जमावाचा म्होरक्या थॉमस कॉली याच्यावर खुनाचा खटला चालला आणि त्याच वर्षी त्याला फाशी झाली. एका दुष्ट म्हातारीसाठी चांगल्या माणसाचा जीव घेतला, असे लोक तेव्हाही कुरकुरत होते. कुरकुर होऊनही शिक्षा झाली आणि त्या खटल्याचा धाक बसला.

आपल्याकडे या वाटेवर यायला फार वेळ लागला. डॉ. नरेंद्र दाभोलकर या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. लँकॅस्टरच्या फाशीचीही तारीख तीच होती, हा निव्वळ योगायोग, पण वाचताना मन थबकते. हत्येनंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि त्याच डिसेंबरात विधिमंडळाने कायदा संमत केला. त्याआधी बिहारने १९९९ साली आणि झारखंडने २००१ साली खास डाकीण प्रथेविरुद्ध कायदे केले होते.

तरीही ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात भानामतीच्या संशयावरून सात जणांना भर चौकात खांबांना बांधून मारहाण झाली. त्यांत वृद्ध बायका होत्या. मार खाणारे दलित होते. त्या डोंगराळ तालुक्यात मराठवाड्यातून गेलेली पुष्कळ कुटुंबे आहेत. शब्दही माणसांबरोबर स्थलांतर करतात. २०२४ च्या डिसेंबरअखेर मेळघाटात एका वृद्धेला जादूटोण्याच्या संशयावरून मारहाण करून तिची धिंड काढली गेली. नंदुरबारच्या अक्कलकुवा, धडगाव भागांत डाकीण ठरवलेल्या बाईला उकळत्या तेलात हात घालायला लावल्याचे प्रकार घडलेले आहेत. शेजारच्या तेलंगणात आपल्या भानामतीची बहीण बाणामती आहे. तिथे संशयिताचे दात पाडत, कारण दात नसले की मंत्राचा उच्चार नीट होत नाही म्हणे. देशाच्या गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात खुनाच्या कारणांचा तक्ता असतो. त्यात मालमत्ता, प्रेमप्रकरण, हुंडा यांच्या शेजारी चेटूक असा एक स्वतंत्र रकाना आहे. २०२२ साली त्या रकान्यात ८५ बळींची नोंद होती. खाते बंद झालेले नाही.

आणि रकान्यात न येणारे किती असेल! खुनापर्यंत न गेलेल्या प्रकरणांची बेरीज कोणी करीत नाही. शहरातल्या घरांनाही यातून सुटका नाही. आपल्या सोसायटीत दात पाडले जात नाहीत, पण नव्या बाळाजवळ निपुत्रिक काकूला जाऊ देताना आईच्या कपाळावर आठी पडते. धंदा बसला की भावजयीने काहीतरी केले असे दबल्या आवाजात म्हटले जाते. लग्नाच्या घरात विधवा मावशीने पुढे होऊ नये याची काळजी न सांगता घेतली जाते. ‘२४ तासांत खात्रीशीर उपाय’ अशी बाबांची पत्रके छत्रपती संभाजीनगरातही भिंतींवर चिकटलेली दिसतात, आणि ती पैसे देऊ शकणाऱ्यांसाठीच छापलेली असतात. सुरुवात सगळीकडे सारखीच असते. संकट येते, कोणीतरी हनुवटी उचलून एक घर दाखवतो आणि बाकीचे मान डोलावतात.

अशा वेळी आपल्याला कोणी होल्टसाहेब व्हायला सांगत नाही. पण मान न डोलावणे आपल्या हातात असते. म्हैस आटली तर पशुवैद्य, मूल आजारी पडले तर दवाखाना, घरात दगड पडू लागले तर घरातल्या सगळ्यांत गप्प असलेल्या माणसाशी बोलणे, हा सरळ मार्ग आहे. आणि कोणाचे नाव घेतले गेलेच, तर बँकेतला अगदी नवखा कारकूनसुद्धा विचारतो ते दोन प्रश्न विचारावेत. ही नोंद कोणाच्या सांगण्यावरून झाली? आणि रक्कम कोणाच्या खात्यात गेली? तरीही प्रकरण पुढे गेले, तर त्यासाठी पोलीस ठाणे आहे. या कायद्याखाली दक्षता अधिकारी नेमायची तरतूद आहे, तो पोलीस अधिकारीच असतो. त्याच्यापर्यंत पोचायला त्या एकट्या बाईच्या पायांत बळ राहिलेले नसते. शेजाऱ्याने तिच्याबरोबर जावे. आजवर तिच्याबाबत जो शेजारधर्म मोडला, तो तेवढ्याने तरी थोडा सांधला जाईल.